अंगावरचा टाका

१

लकव्यानं किरात्साबाईंचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड जरा वाकडं झालं. कान आणि जीभ मात्र शाबूत राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते कास्तोरिया गावातल्या त्या तळ्याकाठच्या घरात रोज सकाळी ऐकायला मिळायचं.

"अगं ए, तेल घातलंस का?"

"घातलं, आई."

"आकडीला घातलंस? तिथंच विसरतेस तू."

त्यांची सून थोमाई तिथंच विसरलेली असायची. ती मुकाट्यानं पुन्हा तेलाची बुधली उचलायची आणि फर शिवायच्या मशीनमध्ये सुईच्या मागच्या त्या इवल्याशा आकडीवर एक थेंब सोडायची. सुईनं आणलेला दोरा हीच आकडी पकडते आणि साखळीची एकेक कडी विणते. ती कोरडी पडली की टाके सुटतात.

सासूची खाट बरोबर मशीनच्या डोक्यावर होती. मध्ये फक्त लाकडी तक्तपोशी. खाली मशीन घरघरलं की वर खाटेचे पाय थरथरायचे, आणि त्या थरथरीवरून म्हातारीला सगळं कळायचं. डाव्या हाताशी तिची काठी असायची. काठी आपटली की खाली थांबायचं, हा नियम होता.

सकाळी म्हातारीला पुसायचं, कूस बदलायची, कॉफी चमच्यानं पाजायची, चादरी धुवायच्या, बिन्सचं सूप गॅसवर चढवायचं आणि मग खाली येऊन शिकायला बसायचं. छत्तिशी ओलांडलेल्या बाईनं नव्यानं काही शिकणं म्हणजे वाळलेलं चामडं वाकवणं. थोमाईची पाठ सकाळी उठतानाच दुखत असायची. तिची इच्छाही आता फार मोठी राहिली नव्हती. एक दिवस आपल्याला कुणी हाक मारू नये, बस्स.

२

जगभरचे शिंपी मिंक या मुंगसासारख्या प्राण्याच्या फरचे कोट शिवतात आणि पंजे, शेपट्या, गळ्याचे तुकडे फेकून देतात. ते सगळं पोत्यांनी कास्तोरियात येतं. इथल्या बायका ते तुकडे असे जोडतात की वरून हात फिरवला तर सांधा कुठं आहे ते बोटाला लागू नये. किरात्साबाईंनी उभं आयुष्य हेच केलं. त्यांच्या सांध्याची गावात ख्याती होती. थोमाईचं काम मात्र त्याच्या पुढचं, तुकडे जोडून झालेली फरची चादर ओली करून फळीवर ताणायची आणि कडेनं खिळे ठोकायचे. खिळे ठोकायला डोकं लागत नाही, असं सासू म्हणायची. मग सासूचा हात गेला आणि खिळे ठोकणारीला मशीनवर बसावं लागलं.

कारण झीसिसनं फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. झीसिस, तिचा नवरा, फ्रँकफुर्टला दुसऱ्याच्या दुकानात फर कापायचा. "ईस्टरला येतो तेव्हा काय ते ठरवू. तुला मशीन जमलं तर मी परत येऊन तिथंच राहतो, आपलं दुकान पुन्हा उघडतो. नाही जमलं तर घर विकू. आईला वृद्धाश्रमात ठेवू आणि तू माझ्याकडे ये."

फोन खाली, मशीनच्या बाजूच्या भिंतीवर. वर सगळं ऐकू गेलं असणार. त्या दिवशी म्हातारीनं एकदाही काठी आपटली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, बस. सुई कशी बसवायची इथपासून सांगते."

मशीन सासूपेक्षा वयानं मोठं होतं. काळं, ओतीव लोखंडाचं, हाताची जागा झिजून चकचकीत झालेलं. साध्या मशीनसारखं यात कापड आडवं ठेवत नाहीत. पितळी रंगाच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून फिरतात. तुकड्यांच्या दोन कडा चकत्यांमध्ये उभ्या धरायच्या, केसांना केस लावून. डाव्या हातातल्या टोचणीनं केस खाली ढकलायचे, पायानं वेग सांभाळायचा, आणि सुई आडवी येऊन दोन्ही कडा गुंफत जाते. एक केस वर राहिला की तो टाक्यात अडकतो आणि सांधा दिसतो.

थोमाईचे केस अडकायचे. दोरा तुटायचा. टाके सुटायचे. चकत्या एक वर एक खाली व्हायच्या आणि चामडं दुमडायचं. ती मशीनला शिव्या द्यायची.

"नाचता येईना अंगण वाकडं!" वरून आवाज यायचा. "सुई उलटी बसवलीस. खाच आकडीकडं पाहिजे."

खाच उलटीच असायची.

"दोरा ढिला आहे. आता घट्ट केलास. एवढाही नको गं, बये. आता टपटप वाजतंय ना? सुई बोथट झाली. मोडायच्या आत काढ."

काढायच्या आत मोडायची. आणखी एक गोष्ट तिला कधीच आठवायची नाही. हा टाका एकाच दोऱ्याचा, नुसती साखळी. शेवटाला गाठ मारून तो बंद केला नाही तर टोक ओढताच सगळा सांधा सर्रकन उसवतो. थोमाई कात्रीनं दोरा कापायची, गाठ विसरायची, आणि तुकडा उचलला की सकाळची सगळी मेहनत मांडीत पडायची. सासू कधी कात्री वापरायची नाही. गाठ मारून दोरा दातांनी तोडायची. आता तिच्या तोंडाचं बोळकं झालं होतं.

३

ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस लागले तेव्हाची गोष्ट. शेजारची आग्लायामावशी म्हातारीला बघायला आली होती. थोमाईच्या निळ्या अ‍ॅप्रनचं बटण लोंबत होतं. मावशीनं तिला उभ्याउभ्याच सुईदोरा लावला.

"दोरा धर दातात," मावशी म्हणाली.

"राहू दे गं मावशी, एकच तर बटण."

"दातात धर!" खाटेवरून सासू अशी ओरडली की दोघी दचकल्या. "अंगावरचं शिवताना दोरा दातात धरायचा. दातात दोरा न धरता फक्त मेलेल्याच्या अंगावर शिवतात."

थोमाईनं हसून दोऱ्याचा तुकडा दातात धरला. लहानपणापासून तिनंही तो धरला होता. सगळेच धरतात.

दुसऱ्याच दिवशी मशीनचा पायटा अडकला. पाय काढला तरी मशीन थांबेना. घाबरून तिनं चकत्यांवर हात टाकला आणि अ‍ॅप्रनच्या बाहीची कड आत खेचली गेली. सुई फरच्या कडेबरोबर बाहीही गुंफत सुटली, थेट मनगटाच्या कातडीशेजारून. तिनं दुसऱ्या हातानं मोटरचं बटण बंद केलं तेव्हा बोटभर बाही फरला शिवली गेली होती. मनगट वाचलं होतं. मनगटावर नुसता गार वारा लागल्यासारखं वाटत होतं.

वरून काठी आपटली. "काय शिवलंस?"

"फर."

"फरचा आवाज नाही तो. कापड आहे."

"चिंधी गेली मध्ये, आई."

"अंगावरची तर नव्हती?"

"छे."

थोमाई खोटं बोलली, कारण खरं सांगितलं असतं तर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं, आणि तिच्यात तेवढी ताकद नव्हती. तिनं कात्री घेऊन बाहीची अडकलेली कड कापून काढली. निळा तुकडा फरच्या आतल्या बाजूला, सांध्यात तसाच राहिला. खरं तर टोक ओढलं असतं तर सांधा उसवला असता, कारण गाठ नेहमीप्रमाणे मारलेली नव्हती. पण सूप करपल्याचा वास येत होता, म्हातारीची कूस बदलायची होती. उद्या उसवीन म्हणून ती जिना चढली. आत अस्तर लागणारच आहे, कुणाला दिसतंय.

४

उद्या ते राहून गेलं.

राहून गेलं कारण कामाला गती आली. थोमाईला ते आधी नीट कळलंच नाही. सकाळी खाली यावं तर फरच्या चादरीला एखादी ओळ जास्त वाटायची. मीच काल शिवली असेन, तिला वाटायचं. दमलेल्या माणसाला काय आठवतं? दूध गॅसवर ठेवलेलं आठवत नाही. पण या ओळीत केस अडकलेले नव्हते. तिनं फरवर हात फिरवला, मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. बोटाला सांधा लागत नव्हता.

'हात बसला वाटतं,' ती मनाशी म्हणाली. मशीनचंही तेच. आकडीला तेल असायचं, सुई नवी असायची, चकत्या एका पातळीत. सुंठीवाचून खोकला गेला तर कोण तक्रार करतं?

एकच गोष्ट खटकत होती. तिनं चादर उलटी करून नव्या ओळीचं टोक पाहिलं. गाठ होती. छान, घट्ट गाठ. आणि दोरा कात्रीनं कापलेला नव्हता. तो चावून तोडला होता. टोक चपटं झालं होतं आणि बोटाला ओलं लागलं.

उंदीर, ती म्हणाली. तळ्याकाठच्या घरात उंदीर असायचेच. तिनं कोपऱ्यात सापळा लावला आणि त्यात ऑलिव्हच्या तेलात बुडवलेला पाव ठेवला. सापळा आठवडाभर तसाच राहिला. पावाला बुरशी आली.

५

आग्लायामावशी तणतणत आली तेव्हा थोमाई चादरी पिळत होती.

"काय गं, दुपारी मशीन? जेवणानंतर सगळं गाव पडलेलं असतं, कुत्रंसुद्धा भुंकत नाही, आणि तुझं आपलं घर्रर्र! माझ्या म्हाताऱ्याचा डोळा लागत नाही."

"मी नाही चालवत दुपारी."

"मग काय मशीन आपलं आपण चालतं?"

"मावशी, मी वर झोपते. आईंच्या शेजारच्या सोफ्यावर."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. तिचा सूर मऊ झाला. "दमलीस तू, पोरी. माझी चुलतबहीण अशीच झोपेत चालायची. कोंबड्यांना दाणे घालून यायची." जाता जाता ती थांबली. "पण चांगलं चालवतेस हं. आवाज अगदी किरात्साचाच. झीसिसला सांगितलंय मी तसं, परवा त्याचा फोन आला होता तेव्हा. खूश झाला."

झोपेत चालत असेन, हे थोमाईला पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यानं ओळींचं कोडं सुटत होतं, दमण्याचंही. दुपारी झोपून उठलं की ती आणखीच दमलेली असायची. मग तिनं बिघाड शोधताना सासूनं शिकवलेलंच केलं. एकेक गोष्ट काढायची आणि बघायचं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं मोटरचा कातडी पट्टा उतरवला. पट्ट्याशिवाय मोटर फिरेल, मशीन हलणार नाही. तो गुंडाळून तिनं सोफ्यावरच्या उशीखाली ठेवला आणि उशीवर डोकं टेकलं. मी उठले तर पट्टा काढताना जागी होईन, असा हिशेब होता.

जाग आली तेव्हा खोलीत तळ्यावरचा करडा उजेड होता. म्हातारी टक्क जागी होती आणि छताकडं बघत समाधानानं हसत होती. थोमाईनं उशीखाली हात घातला. पट्टा होता. गुंडाळलेला, ठेवला होता तसाच.

तो गरम होता. माझ्याच डोक्याची ऊब, तिनं स्वतःला सांगितलं. मग तिनं उशीचा कापूस चाचपला. तो गार होता.

६

त्यानंतर दुपारी तिनं झोपायचंच नाही असं ठरवलं. सोफ्यावर पडून तिनं स्वतःच्या दंडाला चिमटा धरून ठेवला. खिडकीच्या झडपा ओढलेल्या होत्या. रस्ता मेल्यासारखा शांत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि म्हातारीचा घशात अडकणारा श्वास, एवढंच.

मग खाली कुणीतरी स्टूल ओढलं.

सावकाश, जसं रोजची बाई ओढते तसं. पायट्याची करकर झाली. मोटर गुणगुणली आणि मशीन चालू झालं. खाटेचे पाय थरथरू लागले.

"हळू," म्हातारी म्हणाली.

सासू ओरडत नव्हती. लेकीशी बोलावं तसं ती बोलत होती.

"हळू, बाळा. केस खाली ढकल. हां. आता वळण आलं, पाय उचल. शाब्बास."

"आई," थोमाई कुजबुजली, "कुणाला शिकवताय?"

म्हातारीनं मान वळवली नाही. "थोमाईला."

"मी इथं आहे."

"श्श. तिचा टाका चुकेल."

लग्न होऊन या घरात आल्यापासून शाब्बास हा शब्द थोमाईनं ऐकला नव्हता. भीतीच्या आधी तिला रडू आलं, हे तिला नंतर विचित्र वाटलं. ती उठली. अनवाणी जिना उतरू लागली. लाकडाची थरथर तळपायांना लागत होती. कुणी शेजारीण असेल, ती मनाशी म्हणत होती, म्हातारीनंच कुणाला तरी किल्ली दिली असेल. खाटेवर खिळलेली म्हातारी किल्ली कधी देणार, हे तिचं तिलाच कळत होतं.

दाराला फट होती.

आत एक बाई पाठमोरी बसली होती. निळा अ‍ॅप्रन. मानेवर चापानं बांधलेला केसांचा बुचडा, थोमाईच्या चापासारखाच त्याचाही एक दात तुटलेला. खांदे सैल, पाठ ताठ, दुखत नसलेल्या माणसाची असते तशी. तिनं मशीन थांबवलं, गाठ मारली, मान खाली घातली आणि कट्कन दोरा दातांनी तोडला. मग फर झटकायला हात वर केला.

अ‍ॅप्रनची बाही मनगटापर्यंत आली होती. आख्खी.

थोमाईनं स्वतःच्या बाहीकडं पाहिलं. कात्रीनं कापलेली, धागे सुटलेली. पुन्हा वर बघेपर्यंत स्टूलवर कुणी नव्हतं. मशीनचं चाक मात्र अजून फिरत होतं, आणि ते थांबेपर्यंत ती दाराशी उभी राहिली.

७

उसवायचं. एवढं एकच तिला सुचलं. त्या दिवशी टोक ओढलं असतं तर हे सगळं मिटलं असतं, आता ओढू.

तिनं चादर टेबलावर उलटी पसरली. निळा तुकडा सापडायला वेळ लागला, कारण तो आता कडेला राहिला नव्हता. त्याच्या चहूबाजूंनी ओळीवर ओळ जोडली गेली होती आणि तो बरोबर मधोमध आला होता. आणि त्याच्या टाक्याला गाठ होती. तिनं न मारलेली गाठ. टोक चावलेलं.

ओढून काही होणार नव्हतं. पातं घेऊन मधून फाडावं लागणार, म्हणजे सगळी चादर जाणार. तिनं पातं उचललं आणि तिथंच तिचा हात थांबला. ईस्टर तोंडावर आला होता. झीसिसला दाखवायला दुसरं काय होतं? हीच चादर होती म्हणून म्हातारी तिच्या खाटेवर राहणार होती, दुकान उघडणार होतं, तो परत येणार होता. थोमाईनं फर सुलटी केली आणि हात फिरवला. इतकं सुरेख काम तिला जन्मात जमलं नसतं, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं.

तरी तिनं दात आवळून पातं गाठीला लावलं.

वरून काठी आपटली.

"कोण आहे खाली? कोण उसवतंय?"

"मी आहे, आई! मी, थोमाई!"

"थोमाईचं काम कोण उसवतंय?" म्हातारीचा आवाज चिडला होता, मग तो एकदम खाली आला, शेजारच्या माणसाशी बोलावा तसा. "बघ गं जरा. खाली कुणीतरी शिरलंय."

आणि मग बशीवर चमचा वाजला. म्हातारीला भरवताना थोमाई चमचा बशीच्या कडेवर पुसायची, म्हणजे सूप हनुवटीवर ओघळत नाही. तसाच पुसल्याचा आवाज. वरच्या खोलीत कुणीतरी उठलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. थोमाईनं झडप घालून तो उचलला.

"झीसिस! झीसिस, आजच्या आज ये!"

"हॅलो?" तो म्हणाला. "थोमाई? हॅलो?"

"ऐक, घरात कुणीतरी..."

"हॅलो? काही ऐकू येत नाहीये. पुन्हा करतो." फोन ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. तिनंही रिसीव्हर जागेवर ठेवला.

जिन्यावर पावलं वाजू लागली. ओळखीची, उजवा पाय जरा जोरात टाकणारी. पण ती दमलेली नव्हती. थोमाईला वळून बघता आलं असतं. ती वळली नाही. तिनं भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. तिच्याच साबणाचा वास जवळून गेला. फोन पुन्हा वाजला आणि कुणीतरी तो उचलला.

"हो रे, मीच," थोमाईचा आवाज म्हणाला. "मघाशी लाइन खराब होती. हो, जमतंय आता. आईही खूश आहेत. ये तू."

थोमाईनं ओरडायला तोंड उघडलं. दातांमध्ये धरायला आता दोराही नव्हता. ती मशीनच्या टेबलाखाली, फरच्या तुकड्यांच्या पोत्याशी बसली. पोतं मऊ होतं. स्टूल सावकाश ओढलं गेलं, पायटा करकरला, आणि तिच्या डोक्यावर मशीन सुरू झालं. एकही टाका सुटत नव्हता.

"शाब्बास, थोमाई," वरून म्हातारी म्हणाली.

सूप झालं होतं, चादरी वाळत होत्या, कूसही बदललेली असणार. थोमाई वाट बघत राहिली. संध्याकाळ झाली, दिवा लागला. कुणीच तिला हाक मारली नाही.